गोळीशिवाय बीपी उतरवायचं तर आधी मिठाचं पाकीट मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४६, बसून काम, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. ऑफिसच्या तपासणीत बीपी १४८/९४ निघालं, पंधरा दिवसांनी दवाखान्यात १५०/९२. साखर, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवीतली प्रथिनं आणि ईसीजी ठीक आहेत. डॉक्टरांनी गोळी सुचवली, तुम्ही तीन महिने मागून घेतले. रात्री घोरता असं घरचे म्हणतात, आणि गुडघा दुखला की अधूनमधून दुखण्याची गोळी घेता. या तीन महिन्यांत नेमकं काय करायचं?

या आकड्यांवर प्रयत्न करणं योग्य आहे. वरचा आकडा १४० ते १५९ आणि खालचा ९० ते ९९ असेल, आणि मधुमेह, किडनीचा आजार, हृदयविकार, पक्षाघात यांतलं काही नसेल, तर तीन महिने आहार-व्यायामाला द्यायला बहुतेक डॉक्टर राजी असतात. १६०/१०० च्या वर मात्र गोळी लगेच सुरू करायची आणि खाली लिहिलेलं सगळं तिच्या जोडीला करायचं. गरोदरपणात वाढलेलं बीपी हा पूर्णपणे वेगळा विषय आहे, तिथे घरी प्रयोग नकोतच. आणि आकडा १८०/१२० च्या पुढे असून छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना जीभ जड होणं किंवा अंधुक दिसणं यांतलं एकही लक्षण असेल, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

आधीच गोळी चालू असलेल्या वाचकांसाठी एक सूचना. हे वाचून ती स्वतःहून बंद करू नका. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल आणि विशेषतः क्लोनिडिन अचानक थांबवली तर बीपी पूर्वीपेक्षाही वर उसळतं. आकडे उतरले की डॉक्टर टप्प्याटप्प्याने डोस कमी करतात. आणि ज्यांचं वय चाळिशीच्या आत आहे आणि बीपी चांगलंच वाढलंय, त्यांनी आधी किडनी, किडनीच्या रक्तवाहिन्या, थायरॉइड आणि अल्डोस्टेरॉन हे हार्मोन तपासून घ्यावं. मूळ कारण तिथे असेल तर मीठ कितीही कमी केलं तरी मूळ तसंच राहतं.

आता पहिला आठवडा. या आठवड्यात काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. दवाखान्यातले दोन आकडे पुरेसे नसतात. डॉक्टरांसमोर अनेकांचं बीपी चढतं, काहींचं उलट तिथे नॉर्मल दिसतं आणि घरी, कामावर वाढलेलं असतं. दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. मनगटावरचं नको, कारण मनगट जरा वरखाली झालं की आकडा हलतो. यंत्र घेताना पट्ट्याचं माप सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. बहुतेक यंत्रांसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. तुमच्या वजनाला घेर ३३-३४ निघू शकतो. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो, आणि माणूस नसलेल्या बीपीवर उपचार करत बसतो. मोठा पट्टा वेगळा मिळतो, पण तो त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा असायला हवा.

मोजायची पद्धत अशी. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानेही आकडा वाढतो. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा, तळपाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर बांधा. शर्टाची बाही वर सरकवून दंडाला आवळत असेल तर हात बाहीतून काढाच. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीला येईल. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. हात खाली लोंबता ठेवला तर पातळी जितकी खाली तितका आकडा वर जातो, साधारण दर अडीच सेंटिमीटरला दोन पॉइंट. मांडीवर हात ठेवून मोजणाऱ्यांचे आठ-दहा पॉइंट इथेच वाढतात. पाच मिनिटं नुसतं बसा. मोबाइल नको, बोलणंही नको. मोजताना गप्पा मारल्या तरी आकडा दहाने चढू शकतो. मग एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग घ्या.

सकाळी उठल्यावर नाश्त्याआधी एकदा आणि रात्री जेवणाआधी एकदा, असं सात दिवस. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि पुढे ज्या हाताचा आकडा जास्त तोच वापरा. दोन्ही हातांत १५ पेक्षा जास्त फरक सातत्याने येत असेल तर ते डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ आणि त्यावर म्हणजे बीपी वाढलेलं. दवाखान्यातली १४०/९० ही रेघ घरी पाच पॉइंट खाली येते. नाडी अनियमित चालत असेल तर ही यंत्रं फसतात. तशी खूण यंत्रावर वारंवार दिसली तर ईसीजी पुन्हा काढा.

आणि कृपा करून डोकं दुखलं की मोजायचं, चक्कर आली की मोजायचं, असं करू नका. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही. दुखण्याच्या, घाबरल्याच्या क्षणी मोजलेला आकडा त्या क्षणाचा असतो, त्यावरून उपचार ठरत नाहीत.

सरासरी हातात आली की मिठाकडे वळा. मराठी घरात सगळ्यात जास्त उतार इथूनच मिळतो, म्हणून यावर वेळ घालवतो.

माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, त्यात सगळं आलं. "आम्ही मीठ कमीच खातो" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, आणि ते मनापासूनच म्हटलेलं असतं, कारण रोजची चव हीच प्रत्येकाला मध्यम वाटते. म्हणून चवीवर जाऊ नका, पाकिटावर जा. नवं एक किलोचं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख टाका. संपेल तेव्हा दिवस मोजा. चौघांच्या घरात ते २५ दिवसांत संपलं तर रोजचे ४० ग्रॅम, माणशी १० ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. पाहुणे येऊन गेले असतील, लोणचं घातलं असेल तर तेवढं वजा करा. याच्या वर बाहेरचा पाव, फरसाण, हॉटेलचं जेवण हे वेगळंच.

हे मीठ जातं कुठे? बघा जरा: कणकेत मीठ, भातात मीठ, वरणात मीठ, भाजीत मीठ, कोशिंबिरीत मीठ, ताकात मीठ, आणि एवढं करून ताटाच्या डाव्या बाजूला पुन्हा मीठ, चटणी, लोणचं. यातलं भाजी-आमटीतलं मीठ जिभेला कळतं. कणकेतलं आणि भातातलं कळत नाही, कारण ते पदार्थ खारट भाजीसोबतच खाल्ले जातात. म्हणून सुरुवात तिथून करा. पहिल्याच दिवसापासून पोळी, भाकरी आणि भात अळणी. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत तर मीठ घालायची गरजच नसते, अनेक घरांत ती मुळात अळणीच होते. एकदोन दिवसांत कोणाच्या लक्षातही राहत नाही.

दुसरं, हाताच्या अंदाजाने मीठ घालणं थांबवा. चिमूट माणसागणिक बदलते आणि घाईत मूठ होते. रोज सकाळी घरातल्या सगळ्यांचं दिवसाचं मीठ एका छोट्या वाटीत काढून ठेवा, आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक त्या वाटीतूनच होऊ द्या. किचनचा डिजिटल काटा असेल तर उत्तम, नसेल तर सपाट चमचा ५ ते ६ ग्रॅम धरा. ४० ग्रॅमवरून एकदम २० वर आलात तर चौथ्या दिवशी घरात भांडण होईल आणि सहाव्या दिवशी वाटी बाजूला पडेल. पहिले दोन आठवडे ३२ ग्रॅम (कणीक-भातातलं मीठ गेलं की हे आपोआप जमतं), पुढचे दोन आठवडे २६, मग २०, आणि शेवटी १६. सोळा अशासाठी की बाहेरून येणारं माणशी ग्रॅमभर मीठ काही टळत नाही. जीभ साधारण सहा ते आठ आठवड्यांत नव्या चवीला रुळते. मग जुन्या मापाची आमटी तुम्हालाच खारट लागेल.

ज्यांच्या हातात स्वयंपाक आहे त्यांना सोबत घेतल्याशिवाय यातलं काही होत नाही. एकट्यासाठी वेगळी अळणी भाजी करायला लावली तर महिनाभरात तीही थकते आणि तुम्हीही. मीठ कमी झाल्याने घरातल्या निरोगी माणसांचंही नुकसान नाही, तेव्हा बदल पूर्ण घराचा करा. चव टिकवायला आंबट आणि सुवास लागतो: आमसूल, चिंच, लिंबू, कैरी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरी, आलं, लसूण, कोथिंबीर. पालेभाजीत मीठ अगदी शेवटी घाला. जुडी कढईत डोंगरासारखी दिसते, शिजून ओंजळभर होते. आधी घातलेलं मीठ त्या ओंजळीत उरतं. वरण-आमटीतही शेवटी घातलेलं मीठ कमी पुरतं.

डावी बाजू अशी हाताळा. मिठाची चिमूट ताटात वाढायची बंद. लोणचं घालताना एक किलो कैरीच्या फोडींना दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ पडतं हे आठवा. रोज दोन फोडी आणि खार खाणारा माणूस एक-दोन ग्रॅम तिथेच खातो. ताजं लोणचं, म्हणजे त्या दिवशी लिंबू-आलं-हळदीचं किंवा कैरीचं तिखट लावून केलेलं, चिमूटभर मिठात होतं. पापड, कुरडया, सांडगे, मिरगुंडं यांत मीठ असतंच, वर पापडखारही असतो. खाण्याचा सोडा हा तर लपलेला हिशेब आहे: एका चहाच्या चमच्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे तीन ग्रॅम मिठाएवढं. छोले-हरभरे लवकर शिजावेत म्हणून, भजी हलकी व्हावी म्हणून, ढोकळा फुगावा म्हणून पडणारा सोडा यात येतो. ॲसिडिटीवर पाण्यात टाकायची फसफसणारी पावडरही सोडाच. एका पुडीत ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि काही लोक ती रोज रात्री घेतात. कोकणातल्या वाचकांसाठी: खारवलेला बांगडा किंवा सुरमई दोनदा पाणी बदलून भिजवली तरी बरंच मीठ आत राहतं, ती महिन्यातून एखाद्या वेळची गोष्ट ठेवा.

पाकिटातल्या पदार्थावर सोडियम लिहिलेलं असतं, मीठ नाही. सोडियमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणा, की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. इन्स्टंट नूडल्सच्या लहान पाकिटात हा आकडा अनेकदा सोडियम एक हजाराजवळ असतो, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, अर्ध्या दिवसाचा कोटा. घाम येतो म्हणून ओआरएस पिणं हीदेखील चूक आहे. ते जुलाब-उलट्यांसाठी आहे. तासभर चालून आलेल्या माणसाला साधं पाणी पुरतं.

सैंधवाबद्दल इतका गैरसमज आहे की वेगळं लिहावं लागतं. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग हा त्यातल्या लोहासारख्या किरकोळ खनिजांचा, त्याने सोडियम कमी होत नाही. "सैंधव आहे, चालतं" म्हणून जास्त घातलं जातं, आणि त्यात आयोडीन नसतं तो तोटा वेगळा. खरा पर्याय आहे तो कमी सोडियमच्या मिठाचा, ज्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनच्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मीठ दिलं गेलं. साध्या मिठाच्या तुलनेत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे पाकिटावर सोडियम किती टक्के कमी ते लिहिलेलं असतं, १५ टक्केवाल्याने फार फरक पडत नाही, ३० च्या आसपासचं शोधा. फक्त एक अट, आणि ती कडक आहे: किडनीचा आजार असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या घरात कोणाला चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका. रक्तात पोटॅशियम साचलं तर हृदयाची लय बिघडते. घरात सासूसासरे असतील तर त्यांच्या गोळ्यांची पट्टी आधी वाचा.

तुमची किडनी ठीक आहे, तेव्हा पोटॅशियम अन्नातूनही वाढवा. सोडियम बाहेर टाकायला किडनीला ते मदत करतं आणि रक्तवाहिन्याही सैलावतात. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' आहाराच्या चाचणीत मीठ आणि वजन दोन्ही तसंच ठेवून फक्त फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही वाढवलं होतं. बीपी वाढलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने आणि खालचा साडेपाचने उतरला, आणि हा उतार पहिल्या दोन आठवड्यांतच दिसला होता. अर्थात तिथे जेवण तयार मिळत होतं. घरी सगळंच इतकं काटेकोर होत नाही, म्हणून निम्मा फायदा धरून चाला.

हा आहार आपल्या ताटात बसवायला ओट्स किंवा ॲव्होकाडो आणायची गरज नाही. दुपारी दोन भाकऱ्या किंवा पोळ्या, एक मोठी वाटी पालेभाजी किंवा फळभाजी, एक वाटी मटकी-मूग-चवळीची उसळ, वाटीभर काकडी-टोमॅटो-गाजर बिनमिठाचं, आणि एक पेला साय काढलेल्या दुधाच्या दह्याचं ताक, त्यात मिठाऐवजी जिरेपूड आणि आलं. रात्री तसंच, भात कमी. दिवसात दोन फळं: केळं, पेरू, संत्रं, पपई, जे हंगामात स्वस्त असेल ते. मूठभर बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे चालतात. खारे दाणे नकोत. भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, पोटॅशियम त्या पाण्यासोबत मोरीत जातं. ते पाणी आमटीत घाला.

वजनाचं गणित साधं आहे: एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एका पॉइंटने खाली येतो. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २९ होतो. बारा आठवड्यांत सहा किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा, हे जमण्यासारखं आहे. काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत यायला हवा. सगळ्यात सोप्या दोन जागा: चहातली साखर (दिवसाला चार कप, कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे दीडशे कॅलरी) आणि तेल. तेलाचाही मिठासारखाच हिशेब ठेवा, चौघांच्या घराला महिन्याला अडीच किलोच्या आसपास पुरायला हवं. पिठल्याला, रश्शाला तवंग आला म्हणजेच चव, ही सवय हळूहळू मोडते.

व्यायामात दोन गोष्टी करा. पहिली, चालणं: आठवड्यातून पाच दिवस, ३० ते ४० मिनिटं, वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मिनिटाला साधारण शंभर पावलं किंवा जास्त. बाजारात पिशवी घेऊन फिरणं यात धरू नका. गुडघा दुखतो म्हणून सपाट रस्ता, चांगले बूट, किंवा सायकल. दुसरी कमी लोकांना माहीत आहे: भिंतीला टेकून अर्धवट खुर्चीसारखं बसणं. अशा स्थिर ताणाच्या व्यायामाने विश्रांतीचं बीपी चांगलं उतरतं, हे २०२३ मधल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात चालण्या-पळण्याच्या तुलनेतही ठळक दिसलं.

कृती अशी. पाठ भिंतीला सपाट, पावलं भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणि खांद्याइतकी दूर. हळूहळू घसरत खाली या. सुरुवातीला गुडघे थोडेच वाकवा. मांड्या जमिनीला समांतर करायची गरज नाही, आणि दुखऱ्या गुडघ्याला तर मुळीच नाही. नडग्या सरळ उभ्या, गुडघा पावलाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात ४५ सेकंद चार वेळा, मध्ये दोन मिनिटं उभं राहून विश्रांती. दर आठवड्याला वेळ वाढवत दोन मिनिटं चार वेळा असं गाठायचं, आठवड्यातून तीन दिवस. यात एकच मोठी चूक होते, श्वास रोखला जातो. दात आवळून, श्वास धरून बसलं की त्या क्षणाला बीपी खूप वर जातं. मोठ्याने आकडे मोजत बसा. मोजताना श्वास रोखता येत नाही. त्या दिवशी बीपी १८०/११० च्या वर असेल तर हा व्यायाम नको. गुडघ्यात टोचलं तर लगेच थांबा आणि त्याऐवजी हाताची मूठ आवळायचा स्प्रिंगचा ग्रिप वापरा: पूर्ण ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाने दोन मिनिटं, चार वेळा.

आता तुमच्या गुडघ्याची गोळी. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्रुफेन या गोळ्या किडनीत मीठ-पाणी अडवतात आणि बीपी वाढवतात. पुढे बीपीची गोळी सुरू झाली तर तिचा परिणामही कमी करतात. तुम्ही किती दिवस घेता ते वहीत लिहा. मलम, शेक, मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि अगदीच लागली तर साधी पॅरासिटामॉल, फसफसणारी नको. याच यादीत येतात सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, स्टिरॉइड, काही स्त्रियांत गर्भनिरोधक गोळ्या, आणि एक अगदी घरगुती नाव: ज्येष्ठमध. घसा बसला म्हणून एकदोन दिवस कांडी चघळली तर बिघडत नाही. पण रोजच्या काढ्यात, चहात, चूर्णात महिनोन् महिने ज्येष्ठमध जात असेल तर शरीरात मीठ साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी चढतं. काढ्याच्या पाकिटावरची यादी वाचा.

घोरणं हलक्यात घेऊ नका. झोपेत श्वास मध्येच थांबतो का, मग दचकल्यासारखा मोठा श्वास येतो का, हे घरच्यांना एक रात्र जागून बघायला सांगा. दिवसा मीटिंगमध्ये, गाडीत डुलकी लागत असेल, सकाळचा आकडा संध्याकाळपेक्षा सतत वर असेल, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. ती आता घरीही होते. झोपेत श्वास अडत राहिला तर रात्रभर शरीर आणीबाणीत असतं, आणि मग दिवसभराचं पथ्य अपुरं पडतं. तोवर कुशीवर झोपा आणि रात्री दारू बिलकुल नको.

दारूबद्दल तेवढंच: जितकी कमी तितकं बीपी खाली, "थोडी चांगली असते" हे बीपीला लागू नाही. तंबाखू, मिश्री, सिगारेट प्रत्येक वेळी आकडा तात्पुरता चढवतात आणि रक्तवाहिन्या कायमच्या कडक करतात. मिश्री दात घासायची वस्तू म्हणून तंबाखूत धरलीच जात नाही, विशेषतः घरातल्या बायकांची, ती धरा. मिनिटाला सहा श्वास या गतीने रोज दहा-पंधरा मिनिटं सावकाश श्वसन केल्याने काही पॉइंट उतरतात, करा. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको, आणि बीपी आटोक्यात येईपर्यंत शीर्षासन नको.

लसूण, बीट, लाल अंबाडीचा चहा यांचा थोडाफार परिणाम अभ्यासांत दिसतो. जेवणात खा, पण त्यांच्या भरवशावर मिठाची वाटी सोडू नका. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" म्हणून मिळणाऱ्या बीपीच्या गोळ्यांत सर्पगंधा असेल, तर तुम्ही औषधच घेत आहात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेवरचा आपला अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि ती जगभर पोचली. तिच्यातलं रिसर्पिन हे पुढे बीपीचं रीतसर औषध झालं. ते काम करतं, आणि नाडी मंदावणं, नाक चोंदणं, मन उदास होणं हेही करतं. वैद्यांच्या देखरेखीशिवाय, डॉक्टरांना न सांगता ते घेऊ नका.

वहीत पानाच्या डाव्या बाजूला रोजची मिठाची वाटी किती ग्रॅमची, चालणं, भिंतीचा व्यायाम, दुखण्याची गोळी घेतली का हे, आणि उजव्या बाजूला आकडे. रोज मोजायची गरज नाही, रोजच्या चढउताराने उगीच जीव घाबरा होतो. पहिल्या आठवड्यानंतर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा सात-सात दिवस त्याच पद्धतीने. मिठाचा परिणाम महिनाभरात दिसायला लागतो, वजनाचा हळू. चौथ्या आठवड्यात काहीच हललं नसेल तर आधी पाकिटावरची तारीख तपासा. बहुतेक वेळा मीठ ठरवल्याइतकं उतरलेलं नसतं. सगळ्या उपायांचे पॉइंट एकमेकांत पूर्ण मिळवता येत नाहीत, पण तुमच्यासारख्या १४८ वाल्याला १२ ते १५ चा उतार मिळणं शक्य आहे.

बाराव्या आठवड्याची घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल, शक्यतो १३०/८० जवळ, तर असंच चालू ठेवून दर तीन महिन्यांनी एक आठवडा मोजा. तिच्या वर असेल तर ठरल्याप्रमाणे गोळी सुरू करा, आणखी तीन महिने मागू नका. तुमची मेहनत वाया जात नाही. ज्याचं मीठ आणि वजन उतरलेलं असतं त्याला बहुधा कमी डोस पुरतो. मध्येच एखाद्या आठवड्याची सरासरी १६०/१०० च्या वर गेली तर बाराव्या आठवड्याची वाट बघायची नाही. डॉक्टरांकडे जाताना वही आणि यंत्र दोन्ही न्या, त्यांच्या यंत्राशी तुमचं यंत्र तिथेच ताडून बघता येतं.

आणि हे तीन महिने उन्हाळ्यात गेले तर डिसेंबर-जानेवारीत एक आठवडा नक्की मोजा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी काही पॉइंट चढतं, आणि मे महिन्यात १३० वर आलेला माणूस संक्रांतीला पुन्हा १३८ वर असू शकतो.